समोर फौज, पाठीमागे आपण

गेल्या महिन्यातली गोष्ट. अस्रची नमाज पढून आम्ही ओट्यावर बसलो होतो. शेजारचा चौथीतला पोरगा धावत आला. हातात पुठ्ठ्याची ढाल, तिच्यावर चंदेरी कागद चिकटवलेला. शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा घोडखिंडीचा प्रसंग बसवला आहे, अशी बातमी त्याने दिली.

"चाचा, मलापण काम मिळालंय!"

"अरे वा! कुणाचं?"

"सिद्दी मसूदच्या फौजेतला शिपाई. आम्ही बाराजण आहोत. सगळ्यात पहिल्यांदा मीच मरतो."

हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. आम्हीही त्याची पाठ थोपटली. मग ढालीवरचा सुटलेला कागद अंगठ्याने दाबत तो जरा वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, "चाचा, आपण नेहमी पलीकडच्या गर्दीतच असतो का?"

आम्ही चटकन काही बोललो नाही. गुरुजींच्या मनात काही नसणार, हे आम्हाला ठाऊक आहे. नाटकात गर्दी लागतेच आणि ती कुणाला तरी व्हावेच लागते. पण मोबाईलवर रोज दिसणाऱ्या चित्रफिती, सिनेमे, त्यांतला एकटा वीर आणि त्याच्या तलवारीखाली पडणारी माणसे पाहून नऊ वर्षांच्या मुलाने हा हिशेब आपणहून मांडला होता. पडणाऱ्यांची नावे त्याच्या घरातल्या नावांसारखी असतात. आपल्यापैकी बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी आला असेल. काही घरांत तो बोलून दाखवला जात नाही, इतकेच.

त्या संध्याकाळी त्याला जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवतो आहोत.

पन्हाळ्याच्या वेढ्यातला बापलेक

पहिल्यांदा त्याच्या नाटकाविषयी. 1660 च्या मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. छत्रपती शिवाजी महाराज आत अडकले. जुलैच्या धो धो पावसात, 12 तारखेच्या रात्री महाराज गडाबाहेर निसटले. त्यांच्यासारखा वेष करून शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला आणि जाणूनबुजून मरणाच्या हाती सापडला. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळ्यांनिशी उभे राहिले. विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड सोडायची नाही, असे ठरले होते. आवाज झाले तोवर बाजींनी खिंड सोडली नाही, आणि मग प्राण सोडले. हा धडा आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे आणि तो पाठ असायलाच हवा. बाजी आपलेच आहेत.

पण त्याच वेढ्यातली आणखी एक गोष्ट मुलांपर्यंत पोचत नाही. महाराज आत कोंडले गेले असताना बाहेरून वेढा फोडायला एक फौज चालून आली होती. तिचे दोन म्होरके होते. एक नेताजी पालकर आणि दुसरा सिद्दी हिलाल. होय, सिद्दी. जौहर सिद्दी, मसूद सिद्दी, तसाच हिलालही सिद्दी. फरक एवढाच की हिलाल महाराजांच्या बाजूने लढत होता. त्याच्यासोबत त्याचा तरुण मुलगा वाहवाह होता. हा पोरगा शत्रूच्या गर्दीत घुसला, जखमी होऊन पडला आणि जौहरच्या माणसांनी त्याला उचलून नेले. डोळ्यांदेखत मुलगा गेला, वेढाही फुटला नाही. बापाला माघार घ्यावी लागली. शिवछत्रपतींच्याच काळात लिहिल्या गेलेल्या 'शिवभारत' या ग्रंथात ही हकीकत आहे.

आम्ही पोराला म्हणालो, "बेटा, त्या लढाईत तू दोन्ही बाजूंना होतास. फक्त एकीकडचा तू नाटकात आलास."

तो म्हणाला, "मग वाहवाहचं काम कुणाला दिलंय?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

सोलापूरचा किल्ला ज्या लग्नात दिला गेला

त्याची आपा सातवीत शिकते. ती आतून बोलणे ऐकत होती. तिने दाराआडून विचारले, "आणि मुलींमध्ये कुणी नव्हतंच का?"

होती. आणि तिचे नाव आपल्या सोलापूरशी बांधलेले आहे.

सोलापूरचा भुईकोट किल्ला आपण येताजाता पाहतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, आत बाग, बुरुजांवर पोपट. या किल्ल्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही वर्षानुवर्षे भांडत होत्या. 1565 मध्ये विजयनगरशी मोठी लढाई झाली. तिच्या आधी दक्षिणेतल्या सुलतानांनी आपसातले वैर मिटवायचे ठरवले, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण दिला. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. पंधराएक वर्षांची पोर दोन राज्यांमधल्या तहाचे कलम होऊन सासरी निघाली.

सासरी ती पडद्याआड बसून राहिली नाही. नवऱ्याबरोबर घोड्यावर दौड करी, कारभारात लक्ष घाली. अरबी-फारसीबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत असे, असे सांगतात. 1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला आणि कारभार चांदबीबीच्या हाती आला. मग दरबारातले सरदार एकेक करून सत्ता बळकावू लागले. किश्वरखानाने तर तिला कैद करून थेट साताऱ्याच्या किल्ल्यात टाकले. इखलासखान हबशी आणि त्याच्या साथीदारांनी किश्वरखानाला पळवून लावले, तेव्हा ती सुटली. साताऱ्याचा अजिंक्यतारा पाहायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या गडावर एक विधवा राणी आपल्याच दरबाराची कैदी होती.

इब्राहीम वयात आला. पुढे चांदबीबी माहेरी परतली. म्हातारपण शांतपणे घालवावे, एवढीच तिची इच्छा असेल. पण माहेरच्या घराला आग लागलेली होती.

खिंडार

1595 मध्ये निजामशाहीत गादीचे चार दावेदार आणि चार गट झाले. मियाँ मंजू नावाच्या वजिराने प्रतिस्पर्ध्यांना नमवण्यासाठी गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला, म्हणजे अकबर बादशहाच्या मुलाला, मदतीला बोलावले. घरच्या भांडणात बाहेरच्याला पंच नेमले की काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. मियाँ मंजूला लवकरच पश्चात्ताप झाला, पण मोगल फौज निघाली होती. बरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, म्हणजे ज्याचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात वाचतात तोच रहीम. डिसेंबर 1595 मध्ये अहमदनगरला वेढा पडला.

आत कोण होते? मियाँ मंजू शहर सोडून गेलेला. बाकीचे गट आपापला उमेदवार घेऊन बाहेर. किल्ल्यात थोडी शिबंदी आणि पंचेचाळिशीची चांदबीबी. तिने किल्ल्याचा ताबा घेतला आणि तान्ह्या बहादूर निजामशहाच्या नावाने द्वाही फिरवली. कालपर्यंत एकमेकांचे गळे धरणाऱ्या सरदारांना तिने पत्रे पाठवली. आता भांडण पुरे, आधी घर वाचवा, असा त्यांचा आशय होता. अभंगखान हबशी हा विरोधी गटातला. तरीही तो अंधारात मोगल छावणीतून वाट कापत काही शे स्वारांनिशी किल्ल्यात शिरला. विजापूर आणि गोवळकोंड्यालाही तिने साद घातली. विजापूरचा सुहैलखान फौज जमवू लागला ती नळदुर्गला. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने जाताना जो किल्ला लागतो, तोच हा.

पण नळदुर्गची फौज पोचायला वेळ होता आणि मोगल तो वेळ द्यायला तयार नव्हते. तोफांनी तट पडेना. हा दगडी तट चांदबीबीच्या बापाने, हुसेन निजामशहाने, बांधलेला. घेर दीड किलोमीटरहून जास्त, भोवती खोल खंदक. म्हणून मोगलांनी जमिनीखालून सुरुंग खणायला घेतले. तटाच्या पायापर्यंत बोगदे नेले, त्यात दारू ठासली, तोंडे चुन्यादगडांनी बंद केली. सकाळ झाली की बत्ती द्यायची, असा बेत होता.

त्या रात्री मोगल छावणीतलाच एक माणूस, ख्वाजा मुहम्मदखान शिराजी, चोरपावलांनी तटाखाली आला आणि सुरुंगांच्या जागा आतल्यांना सांगून गेला. आतल्यांच्या धैर्याने त्याचे मन हलले होते. रातोरात चांदबीबीने माणसे कामाला लावली. आतून खणत जाऊन दोन सुरुंग सापडले, त्यांतली दारू उपसून काढली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच शहजाद्याने बत्ती द्यायला सांगितली. खणणारी माणसे जागच्या जागी गेली. तटाचा जवळजवळ पन्नास गज भाग दगडमातीसकट आभाळात उडाला.

क्षणभर असे वाटले की सारे संपले. भल्याभल्या सरदारांनी तटावरून पाय काढला. तेव्हा चांदबीबी वाड्यातून बाहेर आली. अंगावर चिलखत, तोंडावर नकाब, हातात नंगी तलवार. ती सरळ त्या खिंडारात जाऊन उभी राहिली.

त्या क्षणी ती खरोखर एकटी होती. समोर हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या बादशाहीची फौज होती. पळालेल्यांनी मागे वळून पाहिले. खिंडारात बाई उभी आहे आणि आपण मात्र पळतो आहोत, याची लाज त्यांना परत घेऊन आली. बाकीचे सुरुंग उडतील म्हणून मोगल जरा थांबले होते. तेवढ्या अवधीत तोफा खिंडाराशी ओढून आणल्या गेल्या. दुपार ढळल्यापासून अंधार पडेपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले आणि खंदक प्रेतांनी भरला. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी भरून डागली, अशी कथा लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

आम्हाला मात्र त्यानंतरची रात्र जास्त मोठी वाटते. लढाई थांबली, मोगल छावणीत परतले, आणि चांदबीबी झोपली नाही. दगड, माती, लाकूड, जे हाताशी येईल त्याने तिने खिंडार बुजवायला घेतले. उजाडले तेव्हा तिथे पुरुषभर उंचीची भिंत उभी होती. दिवसा लढणे आणि रात्री पडझड सावरणे, यांतले दुसरे काम आपल्या घरांतल्या बायांना चांगले ठाऊक आहे. त्याचे पोवाडे कुणी गात नाही.

अखेर दोन्ही बाजू थकल्या. 1596 च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला, पण अहमदनगर आणि तान्हा सुलतान वाचले. लोक तिला आता चांद सुलताना म्हणू लागले.

इथे आमच्या छोट्या शेजाऱ्याने मध्येच विचारले, "पण चाचा, मोगलपण मुसलमान आणि हीपण मुसलमान. मग?" आम्ही म्हणालो, हेच तर लक्षात ठेवायचे. मोगलांच्या फौजेत राजपूत राजे होते, निजामशाहीच्या चाकरीत मराठा शिलेदार होते, हबशी होते, दखनी होते. लढाई राज्याराज्यांची होती. आज जी रेघ ओढून आपण या बाजूचे, ते त्या बाजूचे असे सांगितले जाते, ती रेघ त्या तटावर कुठेही नव्हती.

तोफेने पडले नाही ते

गोष्ट इथे संपवली असती तर मुले खूश झाली असती. पण अर्धी गोष्ट सांगणे बरे नव्हे.

चार वर्षांनी, 1600 मध्ये, मोगल पुन्हा आले. मुराद वारला होता. आता त्याचा भाऊ दानियाल आणि खानखानान होते, आणि बादशहा स्वतः बऱ्हाणपुराकडे उतरला होता. तहानंतरच्या चार वर्षांत निजामशाहीतल्या सरदारांनी पुन्हा आपसात भांडून घेतले होते. अभंगखानही आता चांदबीबीच्या बाजूला राहिला नव्हता. नळदुर्गहून येणारी कुमक नव्हती. चांदबीबीने तटावरून पाहिले आणि हिशेब केला. या वेळी किल्ला टिकणार नाही.

त्या काळात विजापूर दरबारात असलेला इतिहासकार फरिश्ता पुढची हकीकत सांगतो. चांदबीबीने हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याला विचारले, काय करावे? तो म्हणाला, लढावे. ती म्हणाली, ज्यांच्या भरवशावर लढायचे त्यांचे वागणे मी पाहिले आहे. शिबंदीच्या जिवाची आणि मुलाची हमी घेऊन किल्ला द्यावा, मुलाला घेऊन जुन्नरला जावे आणि पुढे अल्लाह दाखवील ती वाट धरावी. हा सल्लामसलतीचा विषय होता, बंद दाराआडचा. हमीदखान तिथून उठला आणि रस्त्यावर ओरडत सुटला, चांद सुलताना मोगलांना फितूर झाली, किल्ला विकते आहे!

जमाव जमला. कुणी विचारले नाही की तुला हे कुणी सांगितले, ती नेमके काय म्हणाली, का म्हणाली. चार वर्षांपूर्वी खिंडारात जिला उभी पाहिली होती, तिच्याच महालात माणसे घुसली आणि त्यांनी तिला ठार केले.

थोड्याच दिवसांत मोगलांनी पुन्हा सुरुंग उडवले. या वेळी खिंडारात उभे राहायला कुणी नव्हते. ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला पडला. शिबंदी कापली गेली आणि लहानगा बहादूर कैदी होऊन ग्वाल्हेरला गेला. ती ज्यांचे जीव वाचवायला बघत होती, त्यांचेच जीव तिच्या खुनाने गेले.

हमीदखानाचे ओरडणे पुरते खोटे नव्हते, हे वाचकांनी नीट पाहावे. किल्ला देण्याची गोष्ट ती बोललीच होती. पण 'जीव वाचवण्यासाठी, हमी घेऊन' हा भाग त्याने गाळला. निव्वळ खोटे पकडता येते. अर्धे खरे पकडता येत नाही, कारण त्यातला अर्धा तुकडा खरा निघतो आणि माणसे त्यावर बाकीचे सगळे मान्य करून टाकतात. मोगल तोफांना जमले नाही ते एका अर्ध्या वाक्याने केले.

उहुदच्या मैदानावर

आपल्या दीनमध्ये या गोष्टीचा धडा फार आधी येऊन गेला आहे. इ.स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत हातातला विजय निसटला. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) झेंडा हाती घेऊन शहीद झाले. त्यांना मारणारा इब्ने कमिआ ओरडला की आपण पैगंबर मुहम्मद (स.) यांनाच मारले. ही अफवा मैदानभर पसरली. कुणी हत्यार टाकून बसले, कुणी मदिन्याच्या वाटेला लागले. पैगंबरांच्या (स.) भोवती अगदी थोडी माणसे उरली. त्यांत हजरत उम्मे अम्मारा (रजि.) होत्या. त्या जखमींना पाणी पाजायला आल्या होत्या. त्यांनी पखाल ठेवली, तलवार-ढाल उचलली आणि पैगंबरांसमोर (स.) उभ्या राहिल्या. उजवीकडे पाहावे, डावीकडे पाहावे, तिकडे उम्मे अम्मारा आपल्यासाठी लढताना दिसत होत्या, अशा आशयाचे उद्गार पैगंबरांनी (स.) पुढे काढले. त्यांच्या खांद्यावरची सर्वांत खोल जखम त्याच इब्ने कमिआच्या तलवारीची होती. म्हणजे ज्याने अफवा उठवली त्याचाच वार त्या बाईने अंगावर घेतला.

सूरह हुजुरातमध्ये मोमिनांना बजावले आहे की भरवसा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान करून बसाल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. अहमदनगरच्या त्या जमावात हे रोज तिलावत करणारी माणसेही असतील. वाचलेले वेळेवर आठवले नाही.

उभ्या उसातली जीप

पोराला शेवटी रणगाड्याची गोष्ट हवी होती. ती अब्दुल हमीद यांची.

गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचे, 1 जुलै 1933 चा जन्म, घरात शिलाईचा धंदा. स्वतःही मशीनवर बसलेले. 1954 मध्ये ग्रेनेडियर्समध्ये भरती झाले. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातल्या खेमकरण भागात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे घुसले. त्या काळात हा रणगाडा म्हणजे चालता किल्लाच समजला जाई. हमीद यांच्याकडे होती एका उघड्या जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ. तिची अडचण अशी की गोळा सुटताना मागून आगीचा आणि धुळीचा मोठा लोट उठतो. एक गोळा मारला की शत्रूला जागा कळते. मग क्षणात जीप हलवायची, पिकात दडायचे, पुन्हा नेम धरायचा. तिथे तेव्हा ऊस उभा होता. उभ्या उसात शिरले की चार हातांवरचे दिसत नाही, हे श्रीपूरच्या वाचकाला सांगायची गरज नाही. आपल्या फौजेने पाणी सोडून शेते दलदल करून ठेवली होती. जडशीळ पॅटन त्यात रुतत होते आणि पिकातून हमीद यांची जीप एकामागून एक रणगाडे टिपत होती. 10 सप्टेंबरला एका रणगाड्याने त्यांना पाहिले, त्यांनीही त्याला पाहिले. तोफेचा गोळा जीपवर आला आणि हमीद शहीद झाले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. 26 जानेवारी 1966 ला ते त्यांच्या पत्नी रसूलनबीबी यांनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून स्वीकारले.

आपण त्यांना एकटे म्हणतो. पण जीप चालवणारा दुसरा होता, गोळा भरणारा तिसरा होता, शेतात पाणी सोडणारे आणखी कुणी होते. त्यांनी हमीद यांच्यावर शंका घेतली नाही आणि हमीद यांनी त्यांच्यावर घेतली नाही. त्यांना रणगाड्यासमोर जाता आले ते म्हणून.

नगरला गेलात तर

टेंभुर्णी-करमाळ्यावरून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाणे आपल्या लोकांचे होतच असते. तिथे दोन ठिकाणे मुलांना दाखवण्यासारखी आहेत. एक रणगाडा संग्रहालय. रणगाडा ही काय चीज असते आणि तिच्यासमोर उघडी जीप म्हणजे काय, हे तिथे पाहिल्याशिवाय समजत नाही. दुसरा तो भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे. 1942 ते 1945 या काळात इंग्रजांनी नेहरू आणि मौलाना आझाद यांना तिथेच कैदेत ठेवले होते. मौलानांची 'गुबारे खातिर'मधली पत्रे तिथली. बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या तेव्हा मौलाना याच तटाच्या आत होते. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली इमारत दिसते, तिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सलाबतखान या वजिराची कबर आहे. पण नगरच्या लोकांनी डोंगरावरची सर्वांत उंच वास्तू तिच्या नावे करून टाकली, हेही काही कमी नाही.

आम्ही आमच्या शेजाऱ्याला काय सांगितले? म्हणालो, बेटा, तुझे काम मन लावून कर. तू नीट लढलास तरच बाजींची शर्थ लोकांना कळेल. आणि मोबाईलवर एकटा वीर हजारांना कापताना दिसला तर पुढच्या वेळी त्याच्या पाठीमागे बघ. तिथे कोण उभे आहे? खिंडीमागे विशाळगड होता, हिलालच्या मागे नेताजी होते. चांदबीबीच्या मागे मात्र हमीदखान निघाला.

आपल्यापैकी फार थोड्यांना कधी खिंडारात उभे राहावे लागेल. पाठीमागे मात्र आपण सगळे रोज उभे असतो. मोहल्ल्यातली एखादी मुलगी शिकायला पुण्याला जाते. एखादी तलाकपीडित बाई पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढते. एखादा तरुण मशिदीच्या जमाखर्चाचा हिशेब मागतो, एखादा दोन समाजांत तेढ होऊ नये म्हणून पोलीस चौकीत दोन्हीकडच्यांना घेऊन बसतो. ही माणसे आपापल्या खिंडारात उभी असतात. त्यांच्याविषयी रात्री कुणीतरी अर्धे वाक्य मोबाईलवर पाठवते, 'अमक्याला तमक्यांशी बोलताना पाहिलं.' ते पुढे ढकलायचे की नाही, हे आपल्या अंगठ्यावर असते. आमची एवढीच विनंती आहे की अंगठा दाबण्याआधी त्या माणसाला एकदा फोन करावा आणि विचारावे, खरे काय आहे?

स्नेहसंमेलन येत्या आठवड्यात आहे. अम्मीने जुन्या ओढणीचा शेला शिवून दिला आहे. परवा पोरगा पुन्हा ओट्यावर आला होता. मरताना कसे पडायचे ते त्याने करून दाखवले, दोनदा. मग उठून कपडे झटकत म्हणाला, "चाचा, मी गुरुजींना वाहवाहचं सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक आण, बघू."

पुस्तक आम्ही शोधून ठेवले आहे.